बाळाचं पहिलं वर्ष : बाईकडून बाईकडे

स्त्री-चळवळीने गेल्या पन्नास वर्षांत घराच्या चार भिंतींआडच्या कितीतरी गोष्टी उंबऱ्याबाहेर आणल्या. नवऱ्याने मारणं हा त्या घरचा खासगी मामला नाही, हे आपण ओरडून सांगितलं. हुंड्यावर बोललो, गर्भलिंगनिदानावर बोललो, घरकाम हेही कामच आहे हे पटवत राहिलो. बाळाचं पहिलं वर्ष मात्र अजून बारशा-अंगाईच्या गोडव्यात गुंडाळून ठेवलेलं आहे. त्याबद्दल कुणी तक्रारीच्या सुरात बोलू लागली की समोरून दोनच उत्तरं येतात. एक, ‘आई होणं म्हणजे केवढं भाग्य!’ आणि दुसरं, ‘आम्ही नाही का चार-चार वाढवली?’ दोन्ही उत्तरांचा परिणाम एकच. बोलणारी गप्प बसते.

मला या दोन्ही उत्तरांच्या पलीकडचा एक साधा प्रश्न विचारायचा आहे. या वर्षभरात बाळाचं जे काम असतं ते कोण करतं? आणि एका बाईला ते करणं जमेनासं झालं की ते कोणाकडे जातं?

मी दोन बाळांचं पहिलं वर्ष अगदी जवळून पाहिलं आहे. एक माझ्या मुलीचं, १९९३ सालचं. दुसरं तिच्या मुलाचं, २०२४-२५ सालचं. मधे तीस वर्षांहून जास्त काळ गेला. धुतलेल्या लंगोटांच्या जागी घडीचे डायपर आले. रॉकेलच्या स्टोव्हवर बाटल्या उकळाव्या लागत, त्याऐवजी विजेवर चालणारं यंत्र आलं. बाळाला ताप आला की शेजारच्या काकूंना उठवावं लागे, आता डॉक्टरांना मोबाइलवर विचारता येतं. मला तीन महिन्यांची रजा होती, मुलीला सहा महिन्यांची मिळाली. हे सगळे बदल चांगले आहेत, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण काम कोणाच्या अंगावर पडतं, या एका गोष्टीत मात्र फारच थोडा फरक पडला.

मी शाळेत शिकवत असे. चौथा महिना लागला तशी शाळेत रुजू झाले. तास चालू असताना दूध यायचं, ब्लाउज भिजायचं, आणि मी पदर ओढून फळ्याकडे तोंड करून लिहीत राहायची. बाळ सासूबाईंकडे असायचं. नवरा चळवळीतला. आठ मार्चच्या सभेत श्रमविभागणीवर फार चांगलं बोलायचा. घरी लंगोट धुवायचा, नाही असं नाही. पण वाळत घालायचा आतल्या खोलीत दोरी बांधून. गॅलरीत घातले तर चाळीतले लोक काय म्हणतील! रात्री बाळ रडलं तर त्याची झोप मोडत नसे, की मोडल्याचं तो दाखवत नसे, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

जावई पुढच्या पिढीचा. त्याला लाज वाटत नाही. मुलगी गरोदर असताना तिच्याबरोबर प्रत्येक तपासणीला गेला. बाळ झालं तेव्हा त्याच्या खासगी कंपनीने त्याला पाच दिवसांची सुट्टी दिली. आणखी आठवडाभर मागितली तर साहेब हसत म्हणाले, “डिलिव्हरी तुझी झाली की बायकोची?” सहाव्या दिवशी तो कामावर गेला. म्हणजे १९९३ साली बापाच्या आड चाळीतले लोक येत होते, आणि आता त्याची नोकरी येते.

‘बाळ सांभाळणं’ हे दोन शब्द एका दमात म्हणता येतात, म्हणून ते काम लहान वाटतं. जरा उलगडून पाहू. पहिले दोन-तीन महिने बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध पितं. दर वेळी पाजायला अर्धा तास. मग खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, शी-शू काढायची, कपडे बदलायचे, झोपवायचं. एवढं होईतो पुढच्या पाजण्याची वेळ. अंघोळ, मालिश, धुरी. दुपटी, झबली, टोपरी धुणं आणि घड्या घालणं. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात लस, आणि त्या त्या रात्री ताप. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस. सहा महिने पुरे झाले की वरचं अन्न : नाचणीची पेज, मऊ भात, वरण, कुस्करलेलं केळं. त्यासाठी वेगळं शिजवायचं, वेगळं गाळायचं, अर्धी वाटी भरवायला पाऊण तास बसायचं आणि त्यातलं निम्मं स्वतःच्या अंगावरून पुसायचं. रांगायला लागलं की घरातली प्रत्येक वस्तू गुडघ्याच्या वर न्यायची, आणि डोळ्यांत तेल घालून त्याच्या मागे फिरायचं. दात येतात, जुलाब होतात, दिवसा झोपतं आणि रात्री जागतं.

यापेक्षाही न दिसणारं एक काम आहे, ते लक्षात ठेवण्याचं. पुढची लस कधी, ड जीवनसत्त्वाचे थेंब संपत आले का, मागचं झबलं आखूड झालं का, कालपासून शी झाली नाही, अंड्याने अंगावर पुरळ आलं होतं की शेंगदाण्याने. हे सगळं आईच्या डोक्यात चालू असतं, आणि ते पाळीपाळीने उतरवून ठेवता येत नाही. सरकारी दवाखान्यात जे लसीकरणाचं कार्ड मिळतं, त्याचं नाव ‘माता आणि बाल संरक्षण कार्ड’. नावातच बाप नाही. खासगी दवाखान्यातही तेच. जावई बाळाला मांडीवर घेऊन बसलेला असायचा आणि डॉक्टर मान वळवून मुलीला विचारायचे, “आई, शी किती वेळा झाली? आई, दूध नीट पितोय ना?” बाळ रडलं, बाळाचं वजन भरलं नाही, बाळाला सर्दी झाली, की सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळतात. बाप काही करत असेल तर त्याला ‘मदत’ म्हणतात. “नशीबवान आहेस, नवरा मदत करतो,” हे वाक्य माझ्या मुलीने वर्षभरात किती वेळा ऐकलं असेल! नवऱ्याला “नशीबवान आहेस, बायको बाळाचं करते,” असं कुणीही म्हटलं नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा की, पाजायचं तर आईलाच ना! निसर्गानेच तशी वाटणी केली आहे. पाजणं आईचंच, हे खरं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही योग्यच आहे. पण वर जी कामं सांगितली ती पुन्हा एकदा मोजून पाहा. त्यातलं पाजणं सोडलं तर कोणतं काम छातीशिवाय अडतं? ढेकर काढायला खांदा लागतो, आणि तो पुरुषालाही आहे. उलट आई दिवसाचे पाच-सहा तास नुसती पाजण्यात घालवत असेल, तर बाकीची कामं दुसऱ्याने करणं हीच निसर्गाला धरून वाटणी ठरेल.

दुसरा आक्षेप : पुरुषांना ते जमत नाही, त्यांचे हात जड. मैत्रिणींनो, पहिल्या दिवशी ते आपल्यालाही जमत नाही. ओलं, निसटतं, मान न धरणारं बाळ हातात घेताना माझे हात कापत होते. माझ्या मुलीचेही कापले. पंधरा दिवसांत ते कापायचे थांबले, कारण आमच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशी तीन आठवडे गावी गेल्या तेव्हा जावयाने शनिवार-रविवार अंघोळीचं काम हातात घेतलं. पहिल्या दिवशी बाळ रडलं, जावई घामाघूम झाला. तिसऱ्या रविवारी बाळ पाण्यात हात आपटत होतं. बाप जवळ असला, त्याला वेळ असला आणि त्याच्या हातून काम काढून घ्यायला कुणी धावलं नाही, की तो शिकतो.

पण तो जवळ असतो का? आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. या रीतीबद्दल मला बोलायचं आहे, कारण आपण सगळ्या तिच्यावर जीव टाकतो. माहेरी बाईला झोप मिळते, आयतं गरम खायला मिळतं, डिंकाचे लाडू मिळतात, रडावंसं वाटलं तर आईपाशी रडता येतं. सासरी ज्यांना सव्वा महिनाही नीट विश्रांती मिळत नाही, त्यांच्या दृष्टीने ही रीत म्हणजे ढालच आहे. ती मोडा, असं मी म्हणणार नाही. पण तिची दुसरी बाजूही पाहायला हवी. ज्या दोन-तीन महिन्यांत बाळाचे हातपाय ओळखीचे होतात, कोणतं रडणं भुकेचं आणि कोणतं झोपेचं हे कळू लागतं, नेमक्या त्या महिन्यांत बाप दुसऱ्या गावात असतो. बारशाला पाहुण्यासारखा येतो, सोन्याची अंगठी घालतो, फोटो काढतो आणि जातो. तीन महिन्यांनी बाळंतीण बाळाला घेऊन घरी येते तेव्हा ती तयार झालेली असते आणि तो नवशिका. मग ‘तुला नाही जमायचं, आण इकडे,’ हे ओघानेच येतं आणि वर्षानुवर्षं चालतं. रीत तशीच ठेवून तिच्यात एक भर घालता येईल : बाळंतिणीबरोबर बाळाचा बापही माहेरी राहायला यावा. जावई म्हणून पाटावर बसायला नव्हे, तर रात्री उठायला. ज्याला नोकरीमुळे रोज जमत नाही त्याने शनिवारची रात्र तरी बाळाजवळ काढावी. मुलीच्या आई-वडिलांनी, आणि विशेषतः आपण आयांनी, ‘जावयाला कामाला कसं लावायचं!’ हा संकोच सोडायला हवा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आईला रजा संपल्यावर कामावर जावं लागतं, तेव्हा काम कोणाकडे जातं?

मुलीचा रक्तदाब वाढल्यामुळे तिने चार आठवडे आधीच रजा घेतली होती. त्यामुळे बाळंतपणानंतर तिच्याकडे बावीस आठवडे उरले. बाळ पाच महिन्यांचं झालं आणि ती ऑफिसला जाऊ लागली. कंपनीचं पाळणाघर होतं, पण ते ऑफिसपासून सहा किलोमीटरवर, दुसऱ्याच एका संस्थेशी करार करून दाखवलेलं. दूध काढून ठेवायला जागा विचारली तर सामानाची खोली दाखवली. मग मी आमच्या गावच्या सल्ला केंद्राचं काम दुसरीकडे सोपवून पुण्याला आले. माझे गुडघे दुखू लागले तेव्हा विहीणबाई आल्या. त्या आल्या तेव्हा त्यांच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करायला त्यांची जाऊ आली.

सकाळी बाळाला न्हाऊ घालायला मावशी येत. त्यांची सून चार घरची धुणीभांडी करते. तिला आमच्याच बाळाच्या आगेमागे मुलगी झाली. दीड महिन्यात ती कामावर परतली, कारण त्यापुढे खाडा झाला असता तर घरं गेली असती. तिचं बाळ कोण सांभाळत होतं? मावशींची अकरा वर्षांची नात. ती सहावीत होती. आधी अधूनमधून शाळा बुडायची, दिवाळीनंतर ती शाळेत गेलीच नाही.

ही साखळी पुन्हा एकदा पाहा. माझ्या मुलीचं काम माझ्याकडे आलं, माझं विहीणबाईंकडे, विहीणबाईंचं त्यांच्या जावेकडे, बाळाच्या अंघोळीचं मावशींकडे, आणि मावशींच्या घरचं शेवटी एका अकरा वर्षांच्या मुलीकडे. काम प्रत्येक पायरीवर अधिक गरीब, अधिक म्हाताऱ्या किंवा अधिक लहान बाईकडे उतरत गेलं. एकदाही ते पुरुषाकडे वळलं नाही, मालकाकडे वळलं नाही, की सरकारकडे वळलं नाही. सुशिक्षित बाईची नोकरी टिकली आणि शेवटच्या टोकाला एका मुलीची शाळा सुटली. त्या मुलीला शाळेत परत घालण्यासाठी आमची खटपट चालू आहे. पण घरात तान्ह्या बाळाला बघायला दुसरं कुणी नसेल, तर फी भरून आणि दप्तर देऊन ती टिकणार कशी?

हा फक्त आमच्या घरचा अनुभव नाही. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करताना आढळल्या. पुरुष २१.४ टक्के. देखभाल करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सुमारे १४० मिनिटं जातात, पुरुषाची ७४. म्हणजे निम्मेच पुरुष हे काम करतात, आणि जे करतात तेही निम्माच वेळ करतात. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट यांचा वेळ यात धरलेला नाही, तो आणखी वेगळा.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राला या बाबतीत चांगला वारसा आहे. मुंबई विधिमंडळात १९२८ साली प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९६१ चा देशव्यापी कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळांसाठी रजा बारावरून सव्वीस आठवडे झाली, आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या आहेत. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुट्टी, आणि पाळणाघरात चार वेळा जाण्याची मुभा, हेही त्यात आहे. हे हक्क लढून मिळालेले आहेत. ते आपल्या किती मैत्रिणींना माहीत आहेत, हे प्रत्येक गटाने एकदा विचारून पाहावं.

पण या कायद्यात तीन मोठी भोकं आहेत.

पहिलं भोक बापाचं. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही मिळत नाही. आईला सव्वीस आठवडे आणि बापाला शून्य, असा हिशेब मांडून कायदाच सांगतो की बाळ आईचं. मालकही त्यातून आपला धडा घेतो. विशीतिशीतली बाई नोकरीवर घेतली तर सहा महिन्यांचा पगार अंगावर पडेल, पुरुष घेतला तर काहीच नाही. मग मुलाखतीत “लग्न झालंय का? पुढचा काय विचार?” हे प्रश्न येतात. बाबासाहेबांनी जो भार सरकारने उचलावा म्हटलं होतं, तो कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेरच्या नोकऱ्यांत अजून मालकाच्या गळ्यात आहे, आणि तो त्याची वसुली बाईकडून करतो.

दुसरं भोक असंघटित बाईचं. मावशींच्या सुनेला सव्वीस आठवडे कोण देणार? तिला मालक चार, आणि मालक म्हणून सही करणारा एकही नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवती आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये देण्याचं कबूल केलं. २०१७ मध्ये मातृवंदना योजना आली ती पहिल्या बाळाला पाच हजारांची. २०२२ पासून दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर सहा हजार मिळतात. दुसरा मुलगा झाला तर ती बाई कमी दमते की काय, कोण जाणे! या पैशांत सव्वीस आठवडे सोडाच, शहरात भाड्याने राहणाऱ्या बाईला एक महिनाही घरी बसता येत नाही.

ऊसतोडणी करणाऱ्या बाईची स्थिती याहून वाईट. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते. हंगामात बाळंत झाली तरी कोयता अर्धा करून चालत नाही. आमच्या भागातल्या फडांत मी पाचटावर अंथरलेल्या गोधडीवर झोपलेली तान्ही बाळं पाहिली आहेत. शेजारी राखण करायला चार-पाच वर्षांची बहीण. आई मोळी डोक्यावरून ट्रॉलीत टाकून येते, बाळाला पाजते आणि पुन्हा फडात शिरते. या बाईला ‘मातृत्व रजा’ हा शब्द सांगून पाहा, ती हसेल.

तिसरं भोक पाळणाघराचं. अंगणवाडी या शब्दामागे आपल्या ताराबाई मोडक उभ्या आहेत. १९४५ साली बोर्डीला त्यांनी मुलांच्या अंगणापर्यंत शिक्षण नेलं. आज राज्यात गावोगाव अंगणवाड्या आहेत. पण तीन वर्षांखालच्या बाळासाठी अंगणवाडी म्हणजे मुख्यतः वजनकाटा, लसीकरण आणि घरी न्यायचं आहाराचं पाकीट. आई कामावर असताना बाळाला ठेवायची सोय तिथे नसते. बांधकामावरच्या मजूर बायांच्या बाळांसाठी कामाच्या जागीच पाळणाघर चालवता येतं, हे मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत मोबाइल क्रेशेस सुरू करून दाखवून दिलं. मुंबई-पुण्यातही ते काम उभं राहिलं. म्हणजे कसं करायचं हे ठाऊक आहे, ते सगळीकडे करायचं मात्र सरकारने अजून मनावर घेतलेलं नाही. अंगणवाडीला जोडून पाळणाघर ही कल्पना केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत आहे. ती आपल्या तालुक्यात कुठे उतरली आहे, हे विचारायला आपण जायला हवं.

मागण्या साध्या आहेत. बापाला कायद्याने भरपगारी रजा हवी, आणि ती त्याच्याच नावावर राखलेली, न घेतल्यास बुडणारी हवी. स्वीडनमध्ये आईबाप दोघांसाठीची रजा १९७४ सालीच आली, पण बहुतेक बाप घरी बसले नाहीत. १९९५ मध्ये एक महिना खास बापासाठी राखल्यावर त्यांच्यात फरक पडू लागला. आज तिथे प्रत्येकाला नव्वद दिवस राखीव आहेत. आपल्याकडे या रजेचे दोन भाग करावेत. एक बाळ जन्मल्यावर, आणि दुसरा आई कामावर परत जाते त्या वेळी, कारण बाळाचा भार दुसऱ्या बाईकडे सरकतो तो नेमका तेव्हा. असंघटित बाईला बाळंतपणात तिच्या बुडालेल्या मजुरीइतकी रक्कम सार्वजनिक निधीतून मिळावी. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक मोठ्या बांधकामावर आणि ऊसतोडीच्या हंगामात कोप्यांजवळ पाळणाघर असावं. आणि त्या पाळणाघरात काम करणाऱ्या बाईला मानधन नव्हे, पगार मिळावा. नाहीतर आपण साखळीला आणखी एक कडी जोडू, एवढंच.

आणि आपल्या संघटना? संध्याकाळी सहाची बैठक ठेवून ‘तान्ह्या बाळाच्या आया हल्ली येत नाहीत,’ अशी चर्चा आपण करतो. ज्या वर्षी बाईला इतर बायांची सर्वांत जास्त गरज असते त्याच वर्षी ती चळवळीतून गळते. बाळंतपणानंतर कित्येकींना विनाकारण रडू येतं, काही सुचत नाही, बाळाविषयीही काही वाटेनासं होतं. ते लाड नव्हेत, उपचाराने बरा होणारा आजार असू शकतो. हे तिला ‘आम्ही नाही का वाढवली?’ म्हणणारं घर सांगणार नाही, आपल्यालाच सांगावं लागेल. प्रत्येक बैठकीत एका कोपऱ्यात सतरंजी, पाणी, चार खेळणी असावीत आणि तिथे बाळांजवळ बसायची पाळी सोबतच्या पुरुष कार्यकर्त्यांनी घ्यावी. शिबिराच्या अंदाजपत्रकात मंडपाइतकंच पाळणाघराचं कलम असावं.

कुणी म्हणेल, या सगळ्या हिशेबात बाळाचा आनंद कुठे गेला? तो आहेच. नातवाने पहिल्यांदा माझं नाक पकडून खदखदून हसून दाखवलं, त्याचं मोल मी कशाशीही करणार नाही. पण तो आनंद मावशींच्या सुनेच्या वाट्याला का येऊ नये? तिची मुलगी पहिल्यांदा पालथी पडली तेव्हा ती दुसऱ्यांची भांडी घासत होती. आणि तो आनंद बापांच्या वाट्याला तरी कुठे येतो? पाच दिवसांत त्यांना बाळाचा वासही ओळखू येत नाही.

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लिहायचं, असा नियम झाला. माझ्या नातवाच्या नावात माझ्या मुलीचं नाव आहे, याचं मला मनापासून समाधान आहे. कागदावर आईला जागा मिळाली, आता कामात बापाला आणि समाजाला जागा मिळवून द्यायची आहे. तेवढं झाल्याशिवाय ती अकरा वर्षांची मुलगी शाळेत टिकणार नाही. पुढच्या अंकापूर्वी प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतल्या एक वर्षाखालच्या बाळांची यादी करावी, आणि प्रत्येक नावापुढे लिहावं : आई कामावर गेल्यावर हे बाळ कोणाजवळ असतं, तिचं वय किती, आणि तिचं काय सुटलं. त्या याद्या घेऊन आपण एकत्र बसू आणि मग तहसील कचेरीवर जाऊ.